सहा नोंदवायचे, चार निवडायचे, दोघांनी लढायचे

पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या दुहेरी लढतींकडे, म्हणजे दोन्ही बाजूंचे दोन-दोन पोकेमॉन एकाच वेळी लढतात त्या प्रकाराकडे, वळणाऱ्या नवख्या खेळाडूला कोणता प्रकार कोणावर भारी पडतो याचा तक्ता बहुधा पाठ असतो, आणि सहा पोकेमॉन नोंदवून प्रत्येक सामन्यासाठी त्यांतले चारच निवडायचे असतात हा नियमही त्याला ठाऊक असतो. मलाही हे सर्व ठाऊक होते. तरीही पणजीतल्या एका छोट्या स्पर्धेत मी पहिले तीनही सामने हरले आणि फोंड्याला परतताना कदंबच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. त्या दिवसाची आठवण अजूनही सुखाची नाही; म्हणूनच हे लिहीत आहे.

माझ्या संघात गारचॉम्प, टॉर्नेडस, इन्सिनरोर, अमूंगस, पोरिगॉन-टू आणि पेलिपर होते. गारचॉम्पला बर्फाचे भय, तर बर्फ सोसायला इन्सिनरोर. इन्सिनरोरला पाण्याचे भय, तर पाणी सोसायला अमूंगस. अमूंगसला आगीचे भय, तर आग सोसायला पेलिपर. वहीत ही साखळी मी बाणांनी काढली होती आणि ती पूर्ण झाली तेव्हा संघ तयार झाला असे मानले होते. माझी चूक इथेच झाली, आणि तुमचीही इथेच होण्याची शक्यता आहे, म्हणून मी यावर जरा जास्त रेंगाळणार आहे.

एकेरी लढतीत एकाला मागे घेऊन त्याच्या जागी सोसणारा दुसरा आणता येतो आणि साखळी कामाला येते. दुहेरीत मात्र तुम्ही एकाला बदलता तेव्हा त्याचा जोडीदार मैदानातच उभा असतो, समोरून दोघे वार करत असतात, आणि तो टर्न तुमच्या निम्म्या शक्तीने खेळला जातो. त्यामुळे एकाची उणीव दुसरा भरून काढतो का, यापेक्षा हे दोघे एकाच टर्नमध्ये शेजारी उभे राहिले तर परस्परांना काय देतात, हा प्रश्न आधी येतो. माझ्या गारचॉम्पकडे अर्थक्वेक ही मूव्ह, म्हणजे वार, होती. ती शेजाऱ्यालाही लागते आणि इन्सिनरोरला दुप्पट लागते. दुसऱ्या सामन्यात माझा घायाळ इन्सिनरोर माझ्याच वाराने पडला. पेलिपर मैदानात येताच पाऊस सुरू होतो आणि पावसात आगीच्या मूव्हचे बळ निम्मे होते, म्हणजे तिथेही इन्सिनरोरचेच नुकसान. टॉर्नेडसची टेलविंड चार टर्न आपल्या बाजूचा वेग दुप्पट करते, तर पोरिगॉन-टूची ट्रिक रूम पाच टर्न मंदांना आधी चालवते. दोन्ही एकाच सामन्यात लागल्या की मिळवलेला वेगच आपल्या मुळावर येतो. चवथीच्या आरतीत घुमट वाजवणाऱ्याचे शेजारच्या शमेळाच्या तालाकडे लक्ष नसेल, तर त्याचा हात कितीही तयार असो, आरती विस्कटतेच. माझे सहाही जण तसे आपापल्या तंद्रीत वाजवत होते.

ही गोष्ट मला म्हापशाला नोकरी करणाऱ्या माझ्या चुलतभावाने दाखवली. त्याने मला नवा संघ दिला नाही. वहीत सहा जणांच्या सर्व जोड्या लिहायला लावल्या. त्या १५ होतात. मग प्रत्येक जोडीवर बोट ठेवून तो विचारू लागला, "दादाला सांग बघू, हे दोघे पहिल्या टर्नला काय करणार?" १५ पैकी ४ जोड्यांनाच मला उत्तर देता आले. मार्गदर्शक निवडायचा तर असा निवडा. तयार संघाचा कोड हातात ठेवून "हाच खेळ, जिंकशील" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या मागे माझे दोन महिने गेले. भाड्याच्या संघाने मूव्हची ओळख होते, हे मान्य. पण पहिला अनपेक्षित टर्न आला की तो संघ कोणत्या विचाराने बांधला होता हे ठाऊक नसल्यामुळे तुम्ही एकटे पडता.

दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने २०१४ मध्ये वॉशिंग्टन डी. सी. येथे पाचिरिसू घेऊन जागतिक विजेतेपद मिळवले, ही कथा तुम्ही ऐकली असेलच. पाचिरिसू दुबळा मानला जाई. मात्र पार्कच्या संघात गायरॅडोस होता, ज्याला विजेचा वार चौपट लागतो. पाचिरिसू फॉलो मी या मूव्हने तो वार स्वतःकडे ओढून घेई आणि व्होल्ट ॲब्सॉर्ब या उपजत क्षमतेमुळे त्याच विजेने स्वतः सावरे. गायरॅडोसविना नुसता पाचिरिसू उचलून आणणाऱ्याच्या हाती यातले फारसे काही लागत नाही.

म्हणून सुरुवात दोघांपासून करावी. मी टॉर्नेडस आणि गारचॉम्प ठेवले, कारण टॉर्नेडस उडता असल्यामुळे अर्थक्वेक त्याला लागतच नाही. पुढे इन्सिनरोर शेजारी हवाच आहे हे लक्षात आल्यावर अर्थक्वेकही काढली आणि स्टॉम्पिंग टँट्रम दिली. त्यात वाटते तितका तोटा नाही: अर्थक्वेकचे बळ १०० असले तरी अनेकांवर पडणारा वार ७५ टक्क्यांवर येतो, आणि स्टॉम्पिंग टँट्रमचे बळ ७५ च आहे. एका शत्रूपुरते दोन्ही सारखेच, शिवाय शेजारी सुरक्षित. पोरिगॉन-टू आणि पेलिपर गेले, त्यांच्या जागी टेलविंडचा लाभ घेणारे फ्लटर मेन आणि अर्शिफू आले.

प्रशिक्षणाचे ५१० गुण वाटतानाही जोडीचाच विचार करावा. ५० व्या पातळीवर वेगात एकही गुण न घातलेल्या, वेगावर परिणाम न करणाऱ्या स्वभावाच्या गारचॉम्पचा वेग १२२ असतो. टेलविंडमध्ये तो २४४ होतो, आणि वेगाच्या कमाल तयारीचा पण वस्तूची मदत नसलेला फ्लटर मेन २०५ वर थांबतो. म्हणजे वेगासाठी राखलेले गुण तग धरण्यासाठी वापरता येतात. मी पूर्वी डोळे मिटून वेगात कमाल २५२ गुण घालत असे.

एका टर्नपुरते वार अडवणारी प्रोटेक्ट ही मूव्ह मात्र सोडू नका. चार मूव्हपैकी एक जागा "वाया" जाते असे वाटते आणि ती काढण्याचा मोह होतो. काढलीत तर हराल. लागोपाठ दुसऱ्यांदा ती यशस्वी होण्याची शक्यता एक तृतीयांशच असते, हेही विसरू नका.

एवढे वाचून धीर सुटत असेल, तर सोडू नये. पोकेमॉन शोडाउन या लढतींच्या संकेतस्थळावर पोकेमॉन वाढवत न बसता पाच मिनिटांत संघ बदलून पाहता येतो, आणि आषाढात वीज गेली की वही आणि पेन्सिल पुरते. माझ्या आताच्या १५ जोड्यांपैकी ११ जोड्यांना उत्तर आहे. समोर फारिजिराफ आला की अजून अडते: इतरांच्या आधी जाणाऱ्या मूव्ह रोखणाऱ्या त्याच्या आर्मर टेल या क्षमतेमुळे इन्सिनरोरची समोरच्याला दचकवणारी फेक आउट चालत नाही, ट्रिक रूमसारख्या मूव्ह अडवणारा, टॉर्नेडसच्या प्रँकस्टर या क्षमतेने आधी जाणारा टाँटही चालत नाही, आणि ट्रिक रूम लागतेच. सध्या मी अशा वेळी अमूंगसला मागे राखते, कारण ट्रिक रूममध्ये तो फारिजिराफच्या आधी चालतो आणि स्पोर या मूव्हने त्याला झोपवू शकतो. मात्र तेव्हा अमूंगसशेजारी कोण उभा राहील, ही वहीतली ओळ अजून कोरी आहे.