जोडीदाराला हवा देताना

मालवणला ऑक्टोबरात स्कूबा डायव्हिंगचा सीझन सुरू झाला की शिकाऊंना माझं पहिलं सांगणं: पाण्याखाली कुणाची हवा संपली, तर आधी हवा द्या. जंतूंचा विचार वर आल्यावर.

सरावात मात्र विनाकारण धोका नको. 2020 पासून तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासात घ्यायचं साधन) काढून देण्याचा सराव मी करून घेत नाही. पिवळ्या होजचा (नळीचा) ऑक्टोपस, म्हणजे जोडीदारासाठी ठेवलेला जादा रेग्युलेटर, वापरायचा, तो आधीच निर्जंतुक केलेला आणि छातीवर, हात लगेच पोचेल असा अडकवलेला हवा. होडीच्या फळीवर लोळवत आणलेला मी परत धुवायला लावतो.

जोडीदाराने गळ्यासमोर हात आडवा फिरवला (हवा संपल्याची खूण) की ऑक्टोपस सरळ त्याच्या तोंडासमोर धरा, पर्जचं बटण त्याला दाबता येईल असा. बटण दाबल्याने आतलं पाणी निघतं, जंतू मरत नाहीत. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात विसळल्यानेही नाही. मग एकमेकांचा पट्टा घट्ट धरा, दोन-तीन श्वास शांतपणे घेऊ द्या आणि मिनिटाला 9 मीटरपेक्षा हळू वर या. श्वास अजिबात रोखायचा नाही.

वर आल्यावर माउथपीस (तोंडात धरायचा भाग) गोड्या पाण्याने धुवा, जंतुनाशकात लेबलवर लिहिलेला पूर्ण वेळ बुडवा, पुन्हा धुऊन सावलीत वाळवा. सिलिंडर जोडलेला नसताना पर्ज दाबू नका, पाणी होजमध्ये शिरतं.

आणि काच धुरकट होऊ नये म्हणून मास्कमध्ये थुंकणं सोडा. लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब पुरतो.