रिफंडचा मेल आलाय? आधी पत्ता उजवीकडून वाचा

इन्कम टॅक्स रिटर्न भरून झालं की जुलै-ऑगस्टमध्ये ‘तुमचा १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, खाते तपासा’ असे मेल येऊ लागतात. आकडा मुद्दाम राउंड फिगर नसतो, म्हणजे खरा वाटतो. अशोकस्तंभही असतो, पण तो काय, कुणीही चिकटवतो.

लिंक न उघडता तिचा पत्ता बघा. कॉम्प्युटरवर माउस नुसता वर न्या, मोबाइलवर लिंक दाबून धरा. ‘https://’ सोडून त्यापुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग उजवीकडून वाचायचा. खऱ्या पत्त्यात तो ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’वर संपतो. तेच शब्द सुरुवातीला घालून शेवटी भलतंच नाव आणि ‘डॉट कॉम’ असेल, तर साइट त्या भलत्याची. पाठवणाऱ्याच्या नावावर तर जाऊच नका, तिथे हवं ते लिहिता येतं.

मुळात रिफंड हा इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होतो. त्यासाठी कार्ड नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी लागतच नाही. शंका असेल तर ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा आणि रिफंडची स्थिती बघा.

माहिती देऊन बसला असाल तर लाजत बसू नका. आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तर आली. मेल डिलीट करू नका, तक्रारीला लागतो.