रात्री दहाला रडणारं मूल हट्टी नसतं : लहानग्यांच्या आई-बाबांनो, या चुका टाळा

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, दहाच्या सुमाराला एक तरी मूल रस्त्यावर बसकण मारून रडताना दिसतंच. आई एका हातात भुट्ट्याच्या कीसचा द्रोण सांभाळत दुसऱ्या हाताने त्याला उठवत असते, बाबा 'आता जिलबी देतो' म्हणत असतात आणि बरोबरचे नातेवाईक 'फार हट्टी झालाय हो' असा शेरा देऊन मोकळे होतात. पण ते लेकरू हट्टी झालेलं नसतं. ते झोपेला आलेलं असतं.

एक ते चार वर्षांच्या मुलांचं रडणं, लोळणं, वस्तू फेकणं यांच्यामागे बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात : अपुरी झोप, रिकामं पोट आणि मोठ्यांची घाई. शिस्त लावायला निघण्याआधी या तीन गोष्टी तपासा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आपल्या घड्याळावर मुलाला पळवणं

सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की सराफ्यात खाण्याच्या गाड्या लागतात. म्हणजे तिथली वर्दळ सुरू होते तीच मुळी मुलाच्या झोपायच्या वेळेला. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून 11 ते 14 तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप लागते. रात्री साडेअकराला झोपलेलं मूल सकाळी सातला शाळेसाठी उठवलं आणि दुपारी तासभर झोपलं, तर हिशेब साडेआठ तासांवरच अडकतो. मग दुसऱ्या दिवशी दूध दुसऱ्या पेल्यात का दिलं यावरून आकांत होतो, आणि आपण कारण पेल्यात शोधत बसतो.

इथे एक गोष्ट हमखास फसवते. दमलेलं मूल मोठ्यांसारखं पेंगत नाही, उलट जास्तच उड्या मारतं, उगाच खिदळतं. 'बघा, अजून किती फ्रेश आहे!' असं म्हणून आपण आणखी तासभर थांबतो. डोळे चोळणं, कान ओढणं, कारण नसताना हसणं यातलं काही दिसलं की निघा.

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की सराफा दाखवावाच लागतो, हे कोणत्याही इंदूरकराला मान्य आहे. मग एकाने पाहुण्यांबरोबर जावं आणि एकाने मुलाजवळ थांबावं, पुढच्या वेळी पाळी बदलावी. सगळ्यांनी मिळूनच जायचं असेल तर संध्याकाळी लवकर छप्पन दुकान हा दुसरा खाऊबाजार गाठा. तिथे गाड्यांची ये-जा नसते, मूल चार पावलं मोकळं चालू शकतं. लग्नाच्या रिसेप्शनला निघताना मात्र मुलाला घरीच वरण-भात भरवून न्या. तिथलं जेवण केव्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो.

कचरा गाडीवाले काका घेऊन जातील!

ही धमकी इंदूरच्या घराघरांत ऐकू येते आणि ऐकताना खरंच वाईट वाटतं. एक तर ती खोटी आहे आणि मुलाला ते लवकरच कळतं. शिवाय जी माणसं रोज सकाळी दारात येऊन ओला आणि सुका कचरा वेगवेगळा नेतात, ज्यांच्या कष्टावर 2017 पासून स्वच्छतेसाठी देशात या शहराचं नाव झालं, त्यांचीच भीती आपण मुलाच्या मनात घालतो. पोलीसकाका आणि सुईवाले डॉक्टर यांचंही तेच. उद्या गर्दीत हरवल्यावर ज्याच्याकडे जायचं त्यालाच मूल घाबरलं तर काय उपयोग?

त्यापेक्षा त्याच गाडीला मदतीला घ्या. शेजारच्या गल्लीतून गाडीचं गाणं ऐकू आलं की मुलाच्या हातात कागद-पुठ्ठ्याची छोटी पिशवी द्या, बोट धरून दारापर्यंत न्या आणि काकांच्या हातात देऊ द्या. काकांनी 'शाबाश बेटा' म्हटलं की स्वारी दिवसभर खुशीत! तीन वर्षांच्या मुलाला खरं काम मिळाल्याचा आनंद कुठल्याही खेळण्यापेक्षा मोठा असतो.

आणि धमकीच्या जागी काय म्हणायचं? आधी सूचना द्यायची. 'अजून दोन झोके, मग घरी' असं बागेत सांगा आणि दोन झोके झाले की खरोखर निघा. तिसरा झोका दिलात की पुढच्या वेळी दोनला अर्थ उरत नाही. मूल तरीही रडलं तर रडू द्या. त्या क्षणी त्याला समजावून सांगितलेलं काहीही डोक्यात शिरत नाही, कारण भावना आवरणारा मेंदूचा भाग या वयात अगदी कच्चा असतो. जवळ बसा, 'जायचं नाहीये ना तुला' एवढंच म्हणा. भाषण नंतर, आणि तेही दोन वाक्यांचं.

खाण्याच्या लहानमोठ्या चुका

पोहे मुलांना जरूर द्या, पण जीरावन मसाला आणि तिखट शेव घालण्याआधी त्यांचा वाटा बाजूला काढा. त्यातले अख्खे शेंगदाणेही वेचून टाका. चार वर्षांच्या आत अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं आणि पॉपकॉर्न घशात अडकू शकतात. दाण्याचं कूट चालतं, द्राक्षं लांबीत चिरून चालतात. याबाबतीत 'आमच्या वेळी काही झालं नाही' हे कोणाचंही ऐकू नका, अगदी घरच्या आजीचंही नाही.

'काहीच खात नाही, दुधावर आहे' ही तक्रार असेल तर आधी दूध मोजा. वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर पुरतं. त्याहून जास्त दुधाने पोट भरतं, जेवण मागे पडतं आणि शरीराला लोह कमी मिळतं.

मोबाइल दाखवून भरवणंही सोडा. एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास, असं त्याच 2019 च्या शिफारशी सांगतात. पहिले काही दिवस घास कमी जातील. जाऊ द्या, भूक लागली की मूल खातं.

दोन भाषांनी गोंधळेल म्हणून मराठी थांबवणं

आपल्याकडच्या मराठी घरांत ही चूक हल्ली फार वाढली आहे. घरी मराठी, अंगणात हिंदी, शाळेत इंग्रजी. मूल उशिरा बोलतंय असं वाटलं की सगळ्यात आधी मराठीवर गदा येते. मुळात दोन भाषा ऐकल्याने बोलणं लांबत नाही. 'आई, बॉल गिर गया' असं लेकीने म्हटलं तर टोकू नका, हसूही नका. 'चेंडू पडला होय? चल, उचलूया' एवढंच म्हणा. ते तिच्या कानात राहतं.

शब्द मोजायचेच असतील तर दोन्ही भाषांचे मिळून मोजा. दोन वर्षांची होऊनही 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द ती जोडत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानाची तपासणी नक्की करून घ्या. 'होईल हळूहळू' म्हणत सहा महिने काढू नका. आणि तपासणी चालू असतानाही आजी-आजोबांचं मराठी बोलणं थांबवू नका.