माइनक्राफ्टमध्ये ट्रिपवायर लावताय? मग या चुका टाळा

ट्रिपवायर, म्हणजे दोन हुकांमध्ये ताणलेली दोरी, जिला कोणी लागलं की सिग्नल सुटतो, गेममध्ये आली २०१२ ला, १.३ च्या अपडेटमध्ये. तरी अजून बरेच जण तिचा वापर एकाच कामाला करतात, दारात एक दोरी आणि खाली टीएनटी. आणि तेही नीट चाललं नाही की सगळं काढून परत प्रेशर प्लेट (पाय पडला की सिग्नल देणारी फरशी) लावतात. मला हे खरंच पटत नाही, कारण प्रेशर प्लेट फक्त जमिनीवर बसते आणि तार हवेत कुठल्याही उंचीवर लावता येते, आणि सगळी मजा त्या उंचीतच आहे. माझं म्हणणं एवढंच की आधी ठरवा तार नक्की कोणाला लागायला पाहिजे, मग दोरी हातात घ्या. जवळपास सगळ्या गडबडी हे न ठरवल्यामुळे होतात.

तार जोडलीच गेली नाही

आधी साधं चेक करा. दोन हुक समोरासमोर, एकाच उंचीवर, एकाच सरळ रेषेत पाहिजेत आणि मध्ये किमान १ व जास्तीत जास्त ४० दोऱ्या. ४१ वी दोरी टाकली की सगळी लाइन बंद, आणि गेम तुम्हाला काही सांगत नाही. कोपऱ्यातून वळवलेली तार चालत नाही, तिरकी पण नाही, मध्ये एक ब्लॉक रिकामा राहिला तरी नाही. बरोबर जोडली गेली की क्लिक असा आवाज येतो आणि हुकचा आकार बदलून तो ताणलेला दिसतो, तो आवाज आला नसेल तर पुढचं रेडस्टोन (गेममधली वीजजोडणी) बघत बसण्यात अर्थ नाही. हुकला सामान पण फार कमी लागतं, एक आयर्न इनगॉट, एक काठी आणि एक फळी यातून दोन हुक बनतात, त्यामुळे कंजूषी करू नका.

क्लिक आला, दोरीला पाय लागतोय, तरी मागचा दिवा लागत नाही? मग हुक कशावर लावलाय ते बघा. हुक सिग्नल देतो तो ज्या ब्लॉकवर बसलाय त्या ब्लॉकला, आणि मागची रेडस्टोन डस्ट (वायरसारखी पसरायची पूड) त्या ब्लॉकमधून पॉवर घेते. काचेवर हुक बसतो, दिसतो पण छान, पण काच रेडस्टोन पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे भिंत काचेची असेल तर निदान हुकच्या मागचा एक ब्लॉक दगडाचा ठेवा. आणि डस्ट १५ ब्लॉकपर्यंतच जाते, त्यापुढे सिग्नल परत जोरात करणारा रिपीटर लागतोच.

उंची चुकली

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ताणलेली तार तिच्या ब्लॉकच्या अगदी तळाशी असते आणि एकदम पातळ असते. जमिनीवर लावली तर चालणारा प्रत्येक जण तिला लागणार, कोंबडी, डुक्कर, तुमचा कुत्रा, जमिनीवर पडलेली वस्तू, सगळे. (फक्त वटवाघूळ लागत नाही, त्यांना गेमने सूट दिलीय.) म्हणजे "कोणी आलं" असं सांगणारा अलार्म रात्रभर आपल्याच कोंबड्यांमुळे वाजत राहतो. शिवाय जमिनीवरची एक लाइन प्लेयर सहज उडी मारून पार करतो, त्यामुळे ट्रॅप म्हणून ती तशी कमजोरच.

तीच तार एक ब्लॉक वर घ्या, म्हणजे जमिनीपासून दुसऱ्या ब्लॉकच्या जागेत. आता ती जमिनीपासून एक ब्लॉकपेक्षा जरा वर आली. डुक्कर आणि कोळी साधारण ०.९ ब्लॉक उंच, कोंबडी ०.७, ते सगळे खालून निघून जातात. प्लेयर, झोंबी, क्रीपर, गाय, मेंढी यांना मात्र ती लागतेच. वाकून गेलं तरी प्लेयर दीड ब्लॉक उंच असतो, त्यामुळे शिफ्ट दाबून काही सुटका नाही, आणि उडी मारूनही ती ओलांडता येत नाही. अजून एक ब्लॉक वर घेतली तर प्लेयर आणि झोंबी खालून मोकळे, फक्त एंडरमॅन आणि आयर्न गोलेमसारखे उंच मॉब (गेममधले प्राणी-राक्षस) लागतात. तीन ब्लॉक उंच बोगद्यात अशी तार आणि तिच्या मागे एक दिवा, एवढ्यावर एंडरमॅन आलाय हे आपल्याला मान वर न करता कळतं. फक्त तिथे स्वतः उड्या मारत फिरू नका, उडी मारली की आपलं डोकं पण तारेला लागतं.

याच गोष्टीचा मला सगळ्यात आवडणारा वापर म्हणजे वासरू मोठं झालं की कळवणारा गोठा. एका ब्लॉकची जागा चारी बाजूंनी बंद करा, त्यात वासरू ठेवा, आणि दुसऱ्या ब्लॉकच्या उंचीवर आरपार तार लावा, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर हुक. वासरू ०.७ ब्लॉक उंच असतं, तारेच्या खाली निवांत उभं राहतं. साधारण २० मिनिटांनी ते गाय होतं, उंची १.४, आणि ज्या क्षणी मोठं होतं त्याच क्षणी तार लागते आणि बाहेरचा दिवा पेटतो. मेंढीला पण सेम चालतं. डुकराला चालत नाही, ते मोठं होऊनही तारेपर्यंत पोचत नाही, आणि इथेच लोक म्हणतात डिझाइन खराब आहे. डिझाइन बरोबर आहे, प्राणी चुकीचा निवडला.

सिग्नल अडकून बसतो किंवा एकदाच येतो

दार उघडलं ते बंदच होत नाही अशी तक्रार फार येते. नव्वद टक्के वेळा तारेवर काहीतरी पडलेलं असतं, मेलेल्या झोंबीचं मांस, एखादा बाण, चुकून फेकलेला दगड. पडलेली वस्तू उचलली नाही तर ५ मिनिटांनी गायब होते, तोपर्यंत सिग्नल चालूच. जिथे मॉब मरणार तिथे जमिनीवर तार नकोच, किंवा मग खाली हॉपर ठेवा म्हणजे वस्तू गोळा होत राहतील.

याच्या उलट प्रॉब्लेम डिस्पेन्सरचा, म्हणजे सिग्नल मिळाला की आतली वस्तू फेकणाऱ्या ब्लॉकचा. शत्रू तारेत उभा आहे आणि बाण फक्त एक सुटला, का? कारण डिस्पेन्सर सिग्नल चालू होताना एकदाच फायर करतो, चालू राहिला म्हणून परत परत करत नाही. सतत बाण पाहिजेत तर मध्ये रेडस्टोन क्लॉक (परत परत सिग्नल देणारं सर्किट) टाका आणि तारेच्या सिग्नलने तो क्लॉक चालू-बंद करा. आणि तार मोकळी झाली तरी सिग्नल लगेच बंद होत नाही, गेम साधारण अर्ध्या सेकंदाने परत चेक करतो, म्हणून पाठोपाठ जाणाऱ्या दोन मेंढ्या तारेच्या दृष्टीने एकच. मोजणी करायची असेल तर त्यांच्यात अंतर पाडा, अरुंद वाट किंवा थोडं पाणी वापरून.

पाण्यावरून आठवलं, वाहतं पाणी दोरी वाहून नेतं, त्यामुळे पाण्याचा प्रवाह आणि तार एकाच ब्लॉकमधून नेऊ नका.

आत आलो की दिवे लागावेत आणि बाहेर गेलो की विझावेत, हे पण खूप जणांना पाहिजे असतं, पण नुसती तार जोडली तर दिवा जेमतेम लुकलुकतो. १.२१ मध्ये कॉपर बल्ब आला तो इथे मस्त बसतो, प्रत्येक नव्या सिग्नलला तो आपली अवस्था बदलतो आणि तशीच धरून ठेवतो. फक्त दारातच मागे-पुढे केलंत तर हिशोब उलटा होतो, आत असताना अंधार आणि बाहेर असताना उजेड, म्हणून तार दाराच्या उंबऱ्यावर न लावता दोन पावलं आत लावा, आणि हिशोब चुकला तर सरळ करायला एक बटण पण जोडून ठेवा.

दोरी तोडताना आणि लपवताना

जंगल टेम्पलमधला बाणांचा ट्रॅप हाताने दोरी तोडून बंद करायला जाऊ नका. दोरी अशी तोडली की सिग्नल जातो आणि डिस्पेन्सर सुटतो. शिअर्सने (कात्रीने) कापली तर सिग्नल जात नाही, मग हुक, डिस्पेन्सर, रेडस्टोन सगळं निवांत काढून घ्या.

पण हे समोरच्या प्लेयरलाही माहीत असतं, तो पण शिअर्स घेऊनच येणार. गेमच्या जावा एडिशन या आवृत्तीत यावर उपाय आहे, ऑब्झर्व्हर. त्याचं तोंड दोरीच्या ब्लॉककडे करून ठेवा, दोरीला कोणी लागलं तरी त्याला कळतं आणि शिअर्सने कापली तरी कळतं, कारण तो ब्लॉकमधला बदल बघतो. आणि यासाठी हुक लागतच नाहीत, नुसती एक दोरी आणि भिंतीत लपवलेला ऑब्झर्व्हर पुरतो. हुक हेच ट्रॅपचं सगळ्यात उघड दिसणारं चिन्ह, तेच गेलं की दोरी फार बारकाईने बघणाऱ्यालाच दिसते. फक्त एक लक्षात ठेवा, हुक नसलेल्या दोरीची हद्द अर्ध्या ब्लॉकपर्यंत उंच होते, म्हणजे वरची उंचीची गणितं थोडी बदलतात. दुसऱ्या ब्लॉकच्या जागेत ती आता एक ते दीड ब्लॉकपर्यंत पसरते, डुक्कर तरीही खालून जातं, पण उंच मॉब निवडायची लाइन लावत असाल तर आधी क्रिएटिव्ह वर्ल्डमध्ये (जिथे सगळं सामान फुकट मिळतं) एकेक मॉब सोडून बघा आणि मग खऱ्या बेसमध्ये बांधा.