ऑफिसात कुत्रं आणायचंय? मग आधी एवढं करा

पहिलं काम कुत्र्याचं नाही, माणसांचं आहे. ऑफिसात कुत्रं आणायचं म्हटलं की ज्यांना आवडतं ते लगेच हो हो करतात आणि ज्यांना भीती वाटते ते गप्प बसतात, चारचौघांत भीती वाटते म्हणायला लाज वाटते ना. म्हणून ग्रुपवर विचारूच नका, नाव न लिहिता भरता येईल असा छोटा फॉर्म फिरवा. भीती वाटते का, अ‍ॅलर्जी किंवा दमा आहे का, किती लांब असलं तर चालेल, बस एवढंच. कुणी ठाम नाही म्हटलं तर त्या मजल्यावर कुत्रं नको, तिथे बहुमत चालत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मी स्वतः हे न विचारता केलं होतं. चिकूला, म्हणजे माझ्या पाच वर्षांच्या अगदी गरीब कुत्रीला, सरळ घेऊन गेले आणि दुपारी बघते तर एक सहकारी प्रिंटरपाशी कागद छातीशी धरून भिंतीला चिकटून उभी आणि चिकू तिच्या चपला हुंगतेय. मी लांबूनच ओरडले, "अगं काही करत नाही ती!" ज्याला भीती वाटते त्याला या वाक्याचा काडीचा उपयोग नसतो हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. बोलत बसायचं नाही, उठायचं आणि कुत्रं बाजूला घ्यायचं. आता ती प्रिंटरकडे निघाली की मला मेसेज टाकते आणि मी पट्टा हातात धरते.

अ‍ॅलर्जीचं एक लक्षात घ्या, ती केसांची नसते, लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रोटीनची असते, त्यामुळे 'आमच्या कुत्र्याचे केस गळत नाहीत' हे उत्तर होत नाही. एक-दोन खोल्या कायमच्या कुत्र्याविना ठेवा, जमलं तर हवेतले बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर लावा.

आता कुत्र्याची तयारी. रेबीज, डिस्टेंपर, पार्वो, लेप्टो या लसी वेळेवर झालेल्या, जंताचं औषध दिलेलं, अंगावर गोचीड-पिसवा नाहीत. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू नको, माजावर आलेली कुत्री नको. पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी रिकाम्या ऑफिसात न्या, कोपरान् कोपरा हुंगू दे, मग एक तास, मग अर्धा दिवस, एकदम आठ तास नको. दोन कुत्री येणार असतील तर त्यांची ओळख बाहेर, चालता चालता करून द्या, दारात समोरासमोर नको.

जागा द्यायची ती भिंतीच्या कडेची, येण्याजाण्याच्या वाटेवरची नाही. घरचंच अंथरूण आणा आणि ते धुऊन आणू नका, त्याला घरचा वास हवा असतो. मोठं झालेलं कुत्रं दिवसाचे बारा-एक तास तरी झोपतं, म्हणजे ऑफिसात त्याचं मुख्य काम झोपणं हेच आहे, ते त्याला करू द्या. वायरी वर बांधा आणि डस्टबिनला झाकण लावा, कारण चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा हे सगळं कुत्र्याला विषारी आहे, आणि शुगर-फ्री च्युइंगममध्ये साखरेऐवजी घातलेल्या झायलिटॉलने तर तासाभरात कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. असलं काही पोटात गेलं तर वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा.

सगळ्यांना बसवून शिकवायची गोष्ट म्हणजे कुत्र्याचं 'नको' ओळखायला. झोप आलेली नसताना जांभई, सारखं ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, शेपटी पायात, अंग एकदम ताठ. पाच जण वाकून कुरवाळत असतात तेव्हा नेमकं हेच चालू असतं आणि सगळे म्हणतात किती शांत आहे. नियम सोपा ठेवा, तीन सेकंद कुरवाळा, हात काढा, ते स्वतः जवळ आलं तरच परत. अंथरुणावर असेल तर कुणीच हात लावायचा नाही. गुरगुरलं तर रागवू नका हो, ती सूचना आहे, गुरगुरण्यावर ओरडा खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावू शकतं.

तरी दात किंवा नख लागलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, कुत्र्याची लस झालेली असली तरी. कुठे शू झाली तर टिपून घेऊन एन्झाइमवालं क्लीनर वापरा, अमोनियाचं नको, त्याचा वास कुत्र्याला शूसारखाच येतो आणि ते परत तिथेच करतं.

आणि दोन-तीन आठवडे देऊनही ते दिवसभर धापा टाकत असेल, पाण्याला तोंड लावत नसेल, दार उघडलं की पट्टा ओढत असेल तर त्याला ऑफिस नकोय. त्याला घरीच राहू द्या आणि संध्याकाळी तुम्ही लवकर निघा.