वीज परतली, कंटेनर उठले, तरी पावती निघेना: डेटाबेस आणि जोडलेल्या सर्व्हिसमधील बिघाड शोधण्याची रीत

जळगाव जिल्ह्यातील सावदा-रावेर पट्ट्यातील एका केळी व्यापाऱ्याच्या वजनकाट्याशेजारच्या खोलीत ठेवलेल्या लहान सर्व्हरची देखभाल मी करतो. त्यावर डॉकर कंपोजच्या (एका फाइलमधील सूचनांवरून अनेक कंटेनर उभे करणाऱ्या साधनाच्या) साहाय्याने पाच कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवलेले प्रोग्रॅम, चालतात: पावत्या तयार करणारे ॲप, त्याचा पोस्टग्रेस डेटाबेस, कामांची रांग सांभाळणारा रेडिस, त्या रांगेतील कामे उरकणारा वर्कर आणि सर्वांच्या पुढे दाराशी उभा असलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. जूनमध्ये एका संध्याकाळी वादळी वाऱ्याने वीज गेली, काही वेळाने यूपीएसची बॅटरीही संपली, आणि रात्री उशिरा वीज परतल्यावर सर्व्हर आपोआप सुरू झाला तरी पावती निघेना. काट्यावरच्या मुलाने फोनवर एवढेच सांगितले, "दादा, सगळंच बंद पडलंय." मी दुरून लॉगिन करून पाहिले, तर पाचही कंटेनर चालू असल्याचे दिसत होते.

दोन्ही म्हणणी अपुरी होती. बंद पडली होती ती एकच गोष्ट: ॲप आणि डेटाबेस यांच्यामधील जोडणी. अनेक कंटेनरच्या मांडणीत बिघाड बहुधा एखाद्या कंटेनरच्या पोटात नसून दोन कंटेनरच्या मध्ये असतो, आणि म्हणून तो शोधताना एका वेळी एकच जोडणी हातात घ्यावी व ज्या कंटेनरची तक्रार आहे त्याच्या आतून तिच्याकडे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व पायऱ्या याच एका विचारावर उभ्या आहेत. आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधी डेटाला हात न लावण्याची शिस्त

घाईच्या वेळी सर्वांत घातक ठरणारी आज्ञा म्हणजे 'डॉकर कंपोज डाउन -व्ही'. नुसत्या 'डाउन'ने कंटेनर आणि नेटवर्क जातात, परंतु डेटाबेसचा व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवण्याची कायमची जागा, तशीच राहते. शेवटी '-व्ही' जोडले की कंपोज फाइलमध्ये नावाने जाहीर केलेले व्हॉल्यूमही पुसले जातात. "एकदा सगळे काढून नव्याने उभे करा" हा सल्ला स्वतःच्या लॅपटॉपवर चालतो. ज्या व्हॉल्यूममध्ये शेतकऱ्यांच्या मालाच्या वजनाची नोंद आहे, तेथे तो देऊ नये आणि ऐकूही नये. डेटाबेसचा कंटेनर चालू असेल तर काहीही बदलण्यापूर्वी डेटाबेसची प्रत काढणारी 'डॉकर कंपोज एक्झेक -टी डीबी पीजी_डंप' ही आज्ञा ('डीबी' हे कंपोज फाइलमधील डेटाबेसच्या सर्व्हिसचे नाव; पुढे डेटाबेसचा वापरकर्ता आणि नाव जोडावे) चालवून निघणारा मजकूर एका फाइलमध्ये वळवावा आणि ती फाइल सर्व्हरबाहेर न्यावी. येथील '-टी' (रोमनमधील मोठा T) विसरू नये, कारण ते टर्मिनलचे सोंग बंद ठेवते आणि फाइलमध्ये जाणारा मजकूर जसाच्या तसा राहतो.

स्थिती, एक्झिट कोड आणि लॉग

त्यानंतर 'डॉकर कंपोज पीएस -ए' चालवावे. '-ए' नसेल तर थांबलेले कंटेनर यादीत दिसतच नाहीत, आणि बहुतेक वेळा आपल्याला हवा असलेला कंटेनर तोच असतो. थांबलेल्या कंटेनरसमोर जो एक्झिट कोड दिसतो तो बरेच काही सांगतो. 1 असेल तर प्रोग्रॅमने स्वतःच चूक होऊन काम सोडले आहे आणि कारण लॉगमध्ये सापडेल. 127 म्हणजे सांगितलेली आज्ञा इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून घडतो त्या साच्यात) सापडली नाही, तर 126 म्हणजे ती सापडली पण चालवता आली नाही. 137 हा 128 अधिक 9 असा आकडा आहे, म्हणजे प्रक्रियेला बाहेरून सक्तीने मारण्यात आले. 'डॉकर इन्स्पेक्ट'च्या उत्तरात 'ओओएमकिल्ड'समोर ट्रू दिसत असेल, तर मेमरी कमी पडली हे नक्की समजावे. 143 मात्र साध्या थांबवण्याने येतो, त्यामुळे त्याची चिंता नको.

लॉग पाहताना सर्व सर्व्हिसचे लॉग एकत्र ओतून वाचू नयेत. ॲपचा लॉग वेळेच्या शिक्क्यासह, म्हणजे 'डॉकर कंपोज लॉग्ज -टी ॲप' असा (येथे '-टी'साठी लहान t), उघडावा आणि पहिली चूक शोधावी, शेवटची नव्हे. शेवटच्या शंभर ओळी बहुधा पहिल्या चुकीचा प्रतिध्वनी असतात. मग त्याच मिनिटाला डेटाबेसच्या लॉगमध्ये काय चालले होते ते शेजारी ठेवून वाचावे.

त्या रात्री मी हेच केले. ॲपच्या लॉगमध्ये डेटाबेसकडून आलेले एकच वाक्य होते: डेटाबेस अजून सुरू होत आहे. त्याच सेकंदाला पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये नोंद होती की मागच्या वेळी डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, म्हणून आपोआप दुरुस्ती सुरू आहे. वीज अचानक गेली की पोस्टग्रेस आपल्या राइट-अहेड लॉगमधून (प्रत्येक बदल आधी नोंदवून ठेवणाऱ्या वहीतून) अर्धवट राहिलेली कामे पुन्हा जुळवून घेतो आणि तोपर्यंत कोणालाही आत घेत नाही. हे वागणे अगदी योग्य आहे. चूक ॲपची होती: त्याने सुरू होताना एकदाच दार वाजवले, उत्तर नकारार्थी आले आणि पुढे प्रयत्न न करता ते जोडणीशिवाय तसेच चालू राहिले. ॲपची प्रक्रिया जिवंत होती, म्हणून डॉकरच्या लेखी सर्व काही सुरळीत होते.

'डिपेंड्स_ऑन' कोठपर्यंत साथ देते

कंपोज फाइलमध्ये 'डिपेंड्स_ऑन' लिहिले की डेटाबेस तयार होईपर्यंत ॲप थांबेल, असा समज फार पसरलेला आहे. नुसत्या 'डिपेंड्स_ऑन'चा अर्थ एवढाच की डेटाबेसचा कंटेनर आधी सुरू केला जाईल. त्यातील पोस्टग्रेस जोडण्या घ्यायला तयार झाला की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नसते. खरोखर वाट पाहायला लावायची असेल, तर डेटाबेसला 'हेल्थचेक', म्हणजे ठरावीक अंतराने त्याची तब्येत तपासणारी आज्ञा, द्यावा आणि ॲपच्या 'डिपेंड्स_ऑन'मध्ये 'सर्व्हिस_हेल्दी' ही अट घालावी.

हेल्थचेकसाठी 'पीजी_इजरेडी' ही पोस्टग्रेस तयार आहे का हे सांगणारी आज्ञा वापरतात, परंतु त्यात एक बारीक खोच आहे. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज रिकाम्या व्हॉल्यूमवर पहिल्यांदा चालते, तेव्हा सुरुवातीच्या स्क्रिप्ट चालवण्यासाठी एक तात्पुरता सर्व्हर उघडते, जो फक्त आतल्या सॉकेटवर (त्याच कंटेनरमधल्या प्रोग्रॅमपुरत्या वाटेवर) ऐकतो, आणि काम झाल्यावर तो बंद करून खरा सर्व्हर सुरू करते. हेल्थचेक सॉकेटवरूनच विचारत असेल, तर त्या तात्पुरत्या सर्व्हरकडूनही "तयार आहे" असे उत्तर मिळते आणि ॲप नेमके मधल्या पोकळीत जाऊन आदळते. म्हणून 'पीजी_इजरेडी'ला '-एच 127.0.0.1' देऊन नेटवर्कमार्गेच विचारायला लावावे.

तरीही वीज जाण्या-येण्याच्या प्रश्नावर हा उपाय पुरेसा नाही, आणि ही गोष्ट मला त्या रात्रीनंतरच नीट उमगली. 'डिपेंड्स_ऑन'चा क्रम कंपोज पाळते, म्हणजे आपण 'अप' म्हणतो तेव्हा. सर्व्हर रीबूट झाल्यावर कंटेनर उठवते ते कंपोज नव्हे, तर डॉकरची डीमन (मागे सतत चालणारा डॉकरचा मुख्य प्रोग्रॅम), आणि ती प्रत्येक कंटेनरची 'रिस्टार्ट' पॉलिसी पाहून त्यांना उठवते. कोणी कोणावर अवलंबून आहे हे ती विचारातच घेत नाही. पॉलिसी 'अनलेस-स्टॉप्ड' किंवा 'ऑलवेज' असावी, कारण 'ऑन-फेल्युअर' पॉलिसीचा कंटेनर डीमन पुन्हा सुरू झाल्यावर उठवला जात नाही. क्रमाची हमी नसल्यामुळे खरा उपाय ॲपमध्येच करावा लागतो: जोडणी मिळाली नाही तर दोन सेकंदांनी, मग चार, मग आठ असे अंतर वाढवत पुन्हा प्रयत्न करावा आणि ठरावीक वेळेनंतरही ती मिळाली नाही तर प्रक्रियेने चूक दर्शवणारा कोड देऊन बाहेर पडावे, म्हणजे डॉकर तिला पुन्हा उठवील. जिवंत पण निरुपयोगी राहणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. जेथे भारनियमन आणि वादळ दोन्ही नेहमीचे आहेत, तेथे हा बदल पहिल्या दिवशीच करून ठेवावा.

चूक कोणत्या शब्दांत आली ते वाचून जागा ओळखणे

जोडणी न होण्याचे प्रकार वरवर सारखे दिसले तरी त्यांची कारणे अगदी वेगळी असतात.

होस्टचे नाव सापडत नाही अशी चूक असेल तर डेटाबेसपर्यंत कोणी पोहोचलेलेच नाही. कंपोजच्या नेटवर्कमध्ये प्रत्येक सर्व्हिसचे नाव हाच तिचा पत्ता असतो आणि तो 127.0.0.11 या पत्त्यावरील डॉकरचा अंतर्गत डीएनएस सांगतो. नाव लिहिण्यातील चूक, दोन सर्व्हिस वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये असणे किंवा समोरचा कंटेनर थांबलेला असणे, या तिन्ही शक्यता तपासाव्यात.

कनेक्शन रिफ्यूज्ड आले तर समोरचे यंत्र सापडले आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. येथे सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे 'लोकलहोस्ट'. कंटेनरच्या आत 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनर स्वतः. ॲपच्या कंटेनरमधून 'लोकलहोस्ट'वर पोस्टग्रेस शोधणे म्हणजे शेजाऱ्याला आपल्याच घरात हाका मारणे होय. दुसरी चूक पोर्टची. कंपोजमध्ये '5433:5432' लिहिले असेल, तर 5433 हा बाहेरून येणाऱ्यांसाठीचा आणि 5432 हा आतला पोर्ट असतो. कंटेनरनी एकमेकांशी बोलताना नेहमी आतलाच वापरावा.

काहीच उत्तर न येता वेळ संपली, तर फायरवॉल किंवा पत्त्यांची टक्कर पाहावी. डॉकर आपल्या नेटवर्कसाठी 172.17 पासून पुढचे पत्ते घेतो, आणि ऑफिसचे व्हीपीएन तेच पत्ते वापरत असेल तर पाकिटे भलतीकडे जातात.

पासवर्ड नाकारला गेला, तर नेटवर्कवर वेळ घालवू नये, कारण जोडणी झाली म्हणूनच नकार मिळाला. सेटिंगची मूल्ये ठेवणाऱ्या एन्व्ह फाइलमध्ये पासवर्ड बदलूनही डेटाबेस जुनाच मागतो, कारण पोस्टग्रेसची इमेज तो पासवर्ड फक्त रिकाम्या व्हॉल्यूमवर, पहिल्या वेळीच वाचते. सुरुवातीच्या स्क्रिप्टचेही तसेच, म्हणून नंतर जोडलेल्या स्क्रिप्टमधील डेटाबेस "अस्तित्वात नाही" असे उत्तर येते. व्हॉल्यूम पुसण्याची गरज नाही. आत जाऊन 'ऑल्टर यूजर'ने पासवर्ड बदलावा. पासवर्डमध्ये ॲट किंवा हॅशचे चिन्ह असेल तर जोडणीच्या यूआरएलमध्ये ते सांकेतिक रूपात लिहावे लागते, आणि डॉलरचे चिन्ह कंपोज फाइलमध्ये दोनदा. आपण लिहिलेले कंपोजला कसे समजले हे 'डॉकर कंपोज कॉन्फिग' स्पष्ट दाखवते. एन्व्ह फाइल बदलल्यावर नुसते 'रिस्टार्ट' करून भागत नाही. नवी मूल्ये मिळण्यासाठी 'अप -डी' करून कंटेनर नव्याने घडवावा लागतो.

खात्री आतूनच करावी: 'डॉकर कंपोज एक्झेक ॲप एसएच' करून आत गेल्यावर 'गेटएंट होस्ट्स डीबी' पत्ता सांगते. लहान इमेजमध्ये अशी साधने नसतात. तेव्हा त्याच नेटवर्कवर पोस्टग्रेसच्या इमेजचा एक तात्पुरता कंटेनर '--आरएम' देऊन चालवावा आणि त्यातून 'पीजी_इजरेडी -एच डीबी' विचारावे.

एनजिनएक्स, डिस्क आणि साडेपाच तास

ॲप नव्याने घडवल्यावर 502 (एनजिनएक्सला मागच्या ॲपकडून नीट उत्तर न मिळाल्याची चूक) येत राहिला, तर एनजिनएक्स जुन्याच पत्त्यावर ठोठावत असतो, कारण सेटिंगमध्ये थेट लिहिलेले नाव तो सुरू होतानाच एकदा सोडवून घेतो. त्याला 'रीलोड' द्यावे. डिस्कचीही तीच निकड: डॉकरचे नेहमीचे लॉग कोणत्याही मर्यादेविना वाढतात आणि जागा संपली की पोस्टग्रेस लिहिणे थांबवतो. 'डॉकर सिस्टिम डीएफ' पाहावे आणि 'मॅक्स-साइझ' व 'मॅक्स-फाइल' ठरवून द्यावे. ही मर्यादा नव्याने घडवलेल्या कंटेनरलाच लागू होते.

एक बिघाड मात्र कोणत्याही लॉगमध्ये दिसत नाही. उन्हाच्या आत माल भरला जावा म्हणून आमच्या काट्यावर काही गाड्या पहाटे पाचच्या आधीच येतात, आणि त्यांच्या पावत्यांवर आदल्या दिवसाची तारीख पडत असे. कंटेनरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालते, भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत कंटेनरच्या लेखी कालचाच दिवस असतो. वेळ 'टाइमस्टॅम्पटीझेड' प्रकारच्या रकान्यात ठेवावी आणि "आज" कोणता हे ठरवताना 'आशिया/कोलकाता' हा टाइमझोन स्पष्ट द्यावा. ज्या मालाचा भाव रोज बदलतो त्यात एका दिवसाची चूक म्हणजे शेतकऱ्याला दुसऱ्याच भावाने पैसे मिळणे.

हे सर्व जुळवल्यावर मी दुपारी, काट्यावर एकही गाडी नसताना, बॅकअप घेऊन सर्व्हर मुद्दाम रीबूट केला आणि कोणालाही काही न सांगता मुलाला एक चाचणी पावती काढायला लावली. पहिल्या वेळी वर्कर रेडिसची वाट न पाहता थांबला होता, म्हणून त्यालाही ॲपसारखाच पुन्हा प्रयत्न करायला शिकवले. दुसऱ्या वेळी पावती निघाली, आणि लॉगमध्ये ॲपने तीनदा नकार घेऊन चौथ्यांदा जोडणी मिळवल्याची नोंद होती.