सोलर बसवायचंय? आधी मीटर रूममध्ये जा

सोसायटीच्या जनरल बॉडीत हल्ली कुणी ना कुणी म्हणतंच, "आपणही गच्चीवर सोलर बसवू या." बसवावंच. मी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या वीस फ्लॅटच्या, पाच मजली सोसायटीची खजिनदार आहे, आणि आमच्या गच्चीवर आज पॅनेल आहेत. पण ज्या सोसायट्या मला विचारायला येतात त्यांना मी पहिलं हेच सांगते, की व्हेंडरला फोन करण्याआधी मीटर रूममध्ये जा. वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनेल विकत घेऊ नका.

सोसायटीच्या कॉमन मीटरला महावितरण घरगुती दरच लावतं. पण हा दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्याच्या वर सगळ्यात महाग. लिफ्ट, पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे एकाच मीटरवर असल्यामुळे स्वस्त टप्पे पहिल्या काही दिवसांतच संपतात. म्हणजे तुम्ही वाचवलेलं युनिट हे बहुतेक वेळा सगळ्यात महागाचं युनिट असतं. वर त्यावर १६ टक्के वीज शुल्क वाचतं, ते वेगळंच.

आता मोजायचं कसं? उपकरण काही लागत नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. रात्री एकच्या सुमारास, लिफ्ट थांबलेली आणि पंप बंद असताना, घड्याळ लावून एक मिनिट मोजा. आमच्याकडे ६४ वेळा लुकलुकला. ६४ गुणिले ६०, भागिले ३२०० केलं की येतात १.२ किलोवॅट. सगळी इमारत झोपलेली असताना १२०० वॅट चालू होते. मग वॉचमनना सोबत घेऊन जिन्याचा एमसीबी (त्या लाइनचा बोर्डावरचा स्विच) पाडा, पुन्हा मोजा. पार्किंगचा पाडा, पुन्हा मोजा. अर्ध्या तासात कळतं, वीज कुठे जाते.

आमचे जवळजवळ १००० वॅट खात होत्या जुन्या वीस ट्यूबलाइट. ३६ वॅटची ट्यूब आणि तिचा लोखंडी चोक मिळून पन्नासच्या आसपास जातात. रोज बारा तास धरले तर महिन्याला ३६० युनिट. त्या जागी २० वॅटच्या एलईडी पट्ट्या लावल्या आणि जिन्यात हालचाल ओळखणारे सेन्सर बसवले, तेव्हा हा आकडा शंभरावर आला. सेन्सर लावताना कृपा करून तळमजल्याच्या पायऱ्या आणि लिफ्टसमोरची जागा वगळा. तिथला दिवा रात्रभर जळू द्या. वयस्कर माणसाचा पाय अंधारात चुकला तर त्या बचतीला काही अर्थ नाही.

दुसरी चोरटी जागा म्हणजे लिफ्टची केबिन. आतला पंखा आणि ट्यूब चोवीस तास चालू असतात, मग लिफ्ट हलो न हलो. आमच्याकडे ९० वॅट, म्हणजे महिन्याला ६५ युनिट. लिफ्टच्या देखभालवाल्याला सांगून काही मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय करून घ्या. बहुतेक कंट्रोलरमध्ये ती असतेच, फक्त चालू केलेली नसते.

आता पंप. इथे मात्र वेळ द्या. जमिनीखालच्या टाकीची आतली लांबी-रुंदी मोजा. आमची टाकी चार मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे पातळी दहा सेंटिमीटर उतरली की हजार लिटर पाणी वर गेलं. महापालिकेच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, मीटरचं रीडिंग लिहा, पंप चालवा आणि पातळी पन्नास सेंटिमीटर उतरली की पुन्हा रीडिंग घ्या. हे दुपारी करा. तेव्हा दिवे बंद असतात आणि हिशोब सोपा होतो. लिफ्ट तेवढ्यापुरती थांबवायची.

पाच हजार लिटर पाणी २५ मीटर उंच चढवायला नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशोबाने ०.३४ युनिट लागतं. ठीकठाक पंप त्याला पाऊण ते एक युनिट घेतो. आमचा १.६ घेत होता. इंपेलर (पंपातली पाणी ढकलणारी चकती) झिजलेला, मोटार रिवाइंड केलेली आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका, त्यामुळे पंप थांबला की चढवलेलं पाणी पुन्हा खाली. नवा पंप घ्यायला जाल तेव्हा "पाच एचपीचा द्या" असं म्हणू नका. "२५ मीटर हेड, तासाला दहा हजार लिटर, याला कोणता चालेल?" असं विचारा (हेड म्हणजे पाणी चढवायची उंची) आणि स्टार रेटिंग बघा. आम्हाला दोन एचपी पुरला. सोबत दोन्ही टाक्यांत लेव्हल कंट्रोलर बसवा. टाकी भरून वाहते तेव्हा पाणी आणि वीज दोन्ही गटारात जातात, आणि धायरी-नऱ्हेच्या बाजूला टँकरवर दिवस काढणाऱ्यांना त्याची किंमत सांगायला नको.

एवढं केल्यावर महिन्याचे साडेसातशे युनिट पावणेचारशेवर आले. सोलर किती लागेल हे आत्ता ठरवायचं. पुण्यात एक किलोवॅट पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारच्या आसपास युनिट देतात, जुलै-ऑगस्टमध्ये बरेच कमी. महिन्याला ११० धरा. आधी आम्हाला सात किलोवॅट लागले असते, आता चार पुरले. किलोवॅटला पन्नास-साठ हजार धरले तर दीड लाखाच्या वर रक्कम वाचली, आणि गच्चीची तीनशे चौरस फूट जागा मोकळी राहिली. वाळवणं घालायला, पापड-कुरडयांना ती लागते हो.

कागदपत्रांत सगळ्यात आधी बघा कॉमन मीटर कुणाच्या नावावर आहे. कितीतरी सोसायट्यांत तो अजून बिल्डरच्याच नावावर असतो आणि तिथेच अर्ज अडतो. नाव बदलून घ्या, जनरल बॉडीत ठराव करा, मग प्रधानमंत्री सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा. ही योजना २०२४ मध्ये आली. स्वतंत्र घराला ३ किलोवॅट किंवा जास्त बसवल्यास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी ते किलोवॅटला १८,००० आहे. व्हेंडर योजनेच्या यादीतलाच हवा आणि पॅनेल देशी बनावटीच्या सेलचे हवेत. अनुदान प्रकल्प चालू झाल्यावर सोसायटीच्या खात्यात येतं, म्हणून सुरुवातीची पूर्ण रक्कम हाताशी ठेवा. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, हे कुणी अडवलं तर नम्रपणे सांगा.

जागा निवडताना डिसेंबरची सावली बघा. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सगळी गच्ची उन्हात दिसते. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात तो भर दुपारीही ४८ अंशांवरच असतो, आणि लिफ्टरूमची सावली उत्तरेला चांगली दोन-सव्वादोन मीटर पसरते. सकाळी नऊला तर विचारूच नका. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण १८ अंश कलते. स्लॅबला भोकं पाडू देऊ नका. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं करा आणि वॉटरप्रूफिंगचं काम त्याआधी उरकून घ्या, नंतर पॅनेल हलवणं फार महागात जातं.

गच्चीवर बंद पडलेले सोलर वॉटर हीटर असतील तर भंगारात काढण्याआधी प्लंबरला दाखवा. बोअरच्या पाण्याने नळ्यांत क्षार साचलेले असतात, ते बऱ्याचदा साफ होतात. आंघोळीचं पाणी थेट उन्हावर तापत असेल तर त्यासाठी गीझरमध्ये वीज जाळायचं कारण नाही. सोलर चालू स्थितीत असेल तर पुणे महापालिकेच्या मिळकतकरात सवलतही मिळते, तीही मागून घ्या.

सभासदांना एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर पहिल्याच लोडशेडिंगला भांडणं होतात. नेट मीटरिंगचं सोलर, म्हणजे जास्तीची वीज महावितरणला देऊन ती बिलात वळती करणारं, महावितरणची वीज गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या विजेचा शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लिफ्टला बॅकअप हवा असेल तर त्याची सोय वेगळी करावी लागते.

पॅनेल धुणं हे वॉचमनच्या कामात करारानेच घाला. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, सकाळी ऊन चढायच्या आत, महापालिकेच्या पाण्याने. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात आणि मग निघत नाहीत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

नेट मीटर लागल्यावर बिलात आयात (महावितरणकडून घेतलेली वीज) आणि निर्यात (त्यांना दिलेली) असे दोन आकडे येतात. दर महिन्याच्या एक तारखेला सोलरच्या इन्व्हर्टरवरचं (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) एकूण उत्पादन आणि मीटरचे दोन्ही आकडे एका वहीत लिहा आणि बिल आलं की ताडून बघा. उत्पादन गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा एकदम खाली आलं तर आधी धूळ, मग नवी सावली, मग फ्यूज, या क्रमाने तपासा. वही मीटर रूममध्येच टांगून ठेवा, म्हणजे कमिटी बदलली तरी ती पुढच्या खजिनदाराच्या हाती लागेल.